लिअँडर : बेलफास्टहून माझगावला

लिअँडर वर्गातली पहिली युद्धनौका १९६३ साली उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला नौदलात दाखल झाली आणि शेवटची १९८१ साली मुंबईत. ब्रिटिश नौदलाने आपली सव्विसावी आणि अखेरची लिअँडर १९७३ मध्येच ताब्यात घेतली होती. त्यानंतर आठ वर्षं माझगाव गोदी तीच नौका बांधत राहिली. यात जिद्द किती आणि नाइलाज किती, असं कुणी विचारलं तर सरकारी गौरवग्रंथ जिद्दीवरच थांबतात. माझ्या मते दोन्ही होतं, आणि त्यातला नाइलाजाचा भाग जास्त शिकवणारा आहे.

या नौकेचं मूळ दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षात आहे. जर्मनीने तेव्हा टाइप २१ नावाची पाणबुडी बांधली. ती पाण्याखालून सतरा नॉटच्या आसपास पळू शके. तोवरच्या पाणबुड्या पाण्याखाली रांगत असत, त्यामुळे त्यांच्या मागावर राहणाऱ्या छोट्या नौकांना फार वेग लागत नसे. आता सगळा हिशेबच बदलला. युद्ध संपल्यावर हे तंत्र रशियाच्या हाती पडलं आणि ब्रिटिश नौदलाला झोप लागेना. उत्तर अटलांटिकच्या खवळलेल्या समुद्रातही वेग न सोडणारी फ्रिगेट त्यांना हवी होती. त्यातून आलेल्या टाइप १२ या आराखड्याचं खरं यश त्याच्या सांगाड्यात आहे: उंच उचललेली, खाली धारदार होत गेलेली नाळ. कोकणातल्या कुठल्याही तांडेलाला हे समजावून सांगावं लागणार नाही. नाळ लाट कापत गेली पाहिजे, लाटेवर आपटता कामा नये. या आराखड्यातल्या पहिल्या सहा नौका व्हिटबी वर्गाच्या. त्यानंतर सुधारलेला रॉथसे वर्ग आला.

स्वतंत्र भारताने १९५० च्या दशकात ब्रिटनकडून आठ नव्या फ्रिगेट मागवल्या. त्यांतल्या दोन टाइप १२ होत्या, 'तलवार' आणि 'त्रिशूल'. 'ब्रह्मपुत्रा', 'बियास' आणि 'बेतवा' या तिघी विमानविरोधी तोफांच्या टाइप ४१ वर्गातल्या, आणि 'खुखरी', 'कृपाण', 'कुठार' या लहान व स्वस्त टाइप १४ वर्गातल्या. गोव्याच्या वाचकांना यांतली काही नावं वेगळ्या कारणाने आठवतील. गोवामुक्तीच्या कारवाईत १८ डिसेंबर १९६१ ला 'त्रिशूल' क्रूझर 'म्हैसूर'सोबत अंजदीव बेटासमोर होती. बेट घेताना नौदलाचे सात जण कामी आले. त्याच दिवशी 'बेतवा' आणि 'बियास' यांनी मुरगाव बंदरात 'अफोंसो द अल्बुकर्क' या पोर्तुगीज नौकेशी तोफांची लढाई केली. जुन्या धाटणीची समोरासमोरची ती चकमक थोडक्यात संपली आणि पोर्तुगीज खलाशांनी नौका उथळ पाण्यात नेऊन रुतवली.

ब्रिटनमध्ये तोवर टाइप १२ ची तिसरी पिढी आकाराला येत होती. सांगाडा तोच, पण वरची मांडणी नवी. डेकवरच्या सुट्या खोल्यांऐवजी एकच सलग इमारत, मागे हेलिकॉप्टरसाठी हँगर, पाणबुडीवर डागायचे लिंबो मॉर्टर, पुढे जुळ्या ४.५ इंची तोफा, विमानांसाठी सीकॅट क्षेपणास्त्र आणि लांबचा वेध घेणारं रडार. शिवाय वातानुकूलन. उष्ण समुद्रात फिरणाऱ्या नौदलांना ही शेवटची गोष्ट क्षेपणास्त्राइतकीच मोलाची वाटली असेल. पाणबुडीचा शोध, विमानांपासून बचाव, गस्त, यांतलं कुठलंच एक काम लिअँडर अप्रतिम करत नव्हती, पण सगळी कामं बऱ्यापैकी करत होती. म्हणून ती खपली. हॉलंडने सहा बांधल्या, ऑस्ट्रेलियाने आराखड्यात बदल करून दोन, न्यूझीलंड आणि चिलीने ब्रिटनकडून घेतल्या. बीबीसीच्या 'वॉरशिप' या मालिकेत 'हीरो' नावाची जी नौका दिसायची तीही मुळात 'फीबी' ही लिअँडरच.

आता माझगाव. इथली गोदी १७७४ पासूनची, पण तिचा बहुतेक जन्म दुरुस्तीत गेला. मुंबईत मोठी लढाऊ जहाजं बांधली जात ती वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली, बॉम्बे डॉकयार्डात. सागवानात बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही फ्रिगेट १८१७ साली तिथून पाण्यात उतरली आणि आज ती इंग्लंडमधल्या हार्टलपूलला संग्रहालय म्हणून उभी आहे. सागवान मागे पडून पोलाद आणि वाफ आली, तशी मुंबईची ही विद्या आटली. राज्यकर्त्यांना ती टिकवण्यात रस असण्याचं कारणही नव्हतं. १९६० मध्ये, कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना, सरकारने माझगाव डॉक आणि कलकत्त्याची गार्डन रीच या दोन्ही गोद्या ब्रिटिश जहाज कंपन्यांकडून विकत घेतल्या. हेतू उघड होता: युद्धनौका घरी बांधायच्या. त्या वेळचा आपला अनुभव म्हणजे गार्डन रीचला बांधलेली 'अजय' ही छोटी गस्ती नौका. तिथून थेट जवळपास तीन हजार टनांच्या फ्रिगेटवर उडी मारायची होती.

१९६२ च्या चीन युद्धातल्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. त्यांच्या संरक्षण खात्यातल्या कारकिर्दीबद्दल मराठीत बरंच लिहिलं गेलं आहे, पण त्यात हिमालय आणि १९६५ चं युद्ध असतं, समुद्र क्वचितच. १९६४ साली ते काही महिन्यांच्या अंतराने मॉस्को आणि लंडन दोन्हीकडे जाऊन आले. नौदलाच्या पुढच्या वीस वर्षांचा चेहरामोहरा याच दोन दौऱ्यांच्या आगेमागे ठरला. लंडनकडून पाणबुड्या हव्या होत्या. नव्या पाणबुड्या परवडतील अशा उधारीवर द्यायला ब्रिटन राजी झालं नाही. मॉस्को झालं, आणि १९६५ मध्ये सोव्हिएत करार झाला. मात्र लिअँडरच्या बाबतीत लंडनने हात आखडला नाही. कर्ज मिळालं, व्हिकर्स आणि यारो या कंपन्या तंत्रसाहाय्याला आल्या. म्हणजे एकाच नौदलाच्या एका हातात ब्रिटिश आराखडा आणि दुसऱ्या हातात रशियन यंत्रं अशी विचित्र वाटणी झाली. तेव्हा ती डोकेदुखी होती. पुढे तिचाच उपयोग झाला, तो कसा ते येईलच.

ऑक्टोबर १९६६ मध्ये 'निलगिरी'चा कणा बसवला गेला आणि दोन वर्षांनी, २३ ऑक्टोबर १९६८ ला, पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते तिचं जलावतरण झालं. छायाचित्रांत दिसतो तो हा दिवस. पण जहाजबांधणीत जलावतरण म्हणजे काम संपल्याची नव्हे, अवघड काम सुरू झाल्याची खूण असते. पाण्यात उतरलेल्या सांगाड्यात बॉयलर, टर्बाइन, पंप, जनित्रं, रडार, सोनार, तोफा आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या केबल व पाइपांचं जाळं बसवायचं असतं. एका खोलीत फिटर, वेल्डर आणि इलेक्ट्रिशियन एकमेकांच्या अंगावर काम करत असतात, आणि एकाने चुकीच्या ठिकाणी पाइप वळवला की दुसऱ्या दोघांचं काम उखडावं लागतं. सांगाड्याला दोन वर्षं लागली, आतल्या कामाला साडेतीनहून अधिक. ३ जून १९७२ रोजी 'निलगिरी' नौदलात दाखल झाली. यारोने बांधलेली 'अपोलो' त्याच सुमारास, कणा बसवल्यापासून तीन वर्षांत तयार झाली होती. आपल्याला साडेपाचहून जास्त लागली. पहिल्या खेपेला याला उशीर म्हणणं अन्यायाचं होईल, कारण नौका आणि ती बांधणारा कारखाना दोन्ही एकाच वेळी उभे राहत होते. वर्कशॉप वाढत होती, आणि व्यापारी जहाजांची डागडुजी करण्यात आयुष्य गेलेले कामगार युद्धनौकेचं काम शिकत होते.

या साडेपाच वर्षांत समुद्रावरचं युद्ध मात्र पुढे निघून गेलं. 'निलगिरी' पाण्यात उतरली त्याच्या एक वर्ष आधी, २१ ऑक्टोबर १९६७ ला, पोर्ट सैदजवळ इजिप्तच्या छोट्या बोटींनी सोव्हिएत स्टिक्स क्षेपणास्त्रांनी 'आयलात' ही इस्रायली विनाशिका बुडवली. एवढ्याशा बोटीने विनाशिकेला लोळवल्यावर ४.५ इंची तोफांवर मिरवणाऱ्या प्रत्येक फ्रिगेटचं वय एका दिवसात वाढलं. आपल्या नौदलाने हा धडा चटकन उचलला आणि तीच क्षेपणास्त्रं डागणाऱ्या सोव्हिएत मिसाइल बोटी घेतल्या. डिसेंबर १९७१ मध्ये कराचीवर हल्ले झाले ते याच बोटींनी. ८ डिसेंबरच्या रात्री 'विनाश' या मिसाइल बोटीच्या सोबतीला गेल्या होत्या 'तलवार' आणि 'त्रिशूल', म्हणजे लिअँडरच्या थोरल्या बहिणी. 'निलगिरी' तेव्हा गोदीतच होती.

दुसऱ्याच रात्री, ९ डिसेंबरला, दीवजवळ 'खुखरी' बुडाली. पाकिस्तानच्या 'हंगोर' या फ्रेंच बनावटीच्या पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारला. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला नौका सोडून गेले नाहीत. त्यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. 'खुखरी' लिअँडर नव्हती, पण तीही पाणबुड्या बुडवण्यासाठीच बांधली होती आणि तिला पाणबुडीनेच गाठलं. लिंबोसारख्या मॉर्टरचा पल्ला किलोमीटरच्या आत; पाणबुडीचा टॉर्पेडो त्याहून लांबून येतो. म्हणजे पाणबुडीला दूरच गाठायचं तर नौकेवर हेलिकॉप्टर हवं, आणि तेही सोनार व टॉर्पेडो दोन्ही वाहून नेणारं. सी किंग हेलिकॉप्टरं त्याच वर्षी भारतात आली होती, पण किनाऱ्यावरून उडत होती.

माझगावची खरी कामगिरी इथून पुढे सुरू होते. 'हिमगिरी' १९७४ मध्ये आली, 'उदयगिरी' १९७६, 'दूनागिरी' १९७७, 'तारागिरी' १९८० आणि 'विंध्यगिरी' १९८१ मध्ये. नावं सगळी पर्वतांची, आणि पहिल्या नौकेवरून नौदलात हा वर्ग 'निलगिरी' वर्ग म्हणून ओळखला जातो. कागदावर सहाही नौका एका वर्गाच्या, पण प्रत्यक्षात त्या सारख्या नाहीत. पहिली बरीचशी ब्रिटिश नकलेसारखी. पुढच्या नौकांवर ब्रिटिश रडारं जाऊन हॉलंडच्या सिग्नाल कंपनीची आली. डच नौदलाने आपल्या लिअँडरवर तीच बसवली होती, आणि बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सला ती परवान्यावर बनवता येत होती. शेवटच्या दोघींवर तर मागची सगळी बाजूच नव्याने आखली. सी किंगसारखं जडशीळ हेलिकॉप्टर तीन हजार टनांच्या नौकेवर उतरवायचं तर लिंबोचा खड्डा काढून डेक लांब करावा लागतो, हँगर सरकता करावा लागतो, आणि डोलणाऱ्या डेकवर हेलिकॉप्टर धरून खाली ओढणारी यंत्रणा लागते. ही युक्ती कॅनडाच्या नौदलाची. मॉर्टरच्या जागी स्वीडनचे पाणबुडीविरोधी रॉकेट आले, बाजूला इटालियन टॉर्पेडो नळ्या आल्या. नकाशा इंग्रजांचा, रडार डचांचं, रॉकेट स्वीडनचं. हे सगळं एकत्र बसवताना वजन, वीज आणि तोल यांचा हिशेब कुणी परदेशी तज्ज्ञ करून देणार नव्हता. तो इथल्याच लोकांना मांडावा लागला. मूळ ब्रिटिश आराखड्यात असं जहाजच नव्हतं.

याची किंमतही मोजली. दर नौकेला बदल म्हणजे दर नौकेला नवे नकाशे, आणि नवे नकाशे म्हणजे पुन्हा उखडाउखड. सहावी नौका पहिलीपेक्षा झपाट्याने व्हायला हवी होती, तशी ती झाली नाही. जलावतरणापासून दाखल होईपर्यंत 'विंध्यगिरी'लाही साडेतीन वर्षांच्या वर लागली. आणि एवढं करून या सहांपैकी एकीवरही जहाजांवर डागायचं क्षेपणास्त्र बसलं नाही. 'तलवार' आणि 'त्रिशूल' या जुन्या नौकांच्या पुढच्या तोफा काढून तिथे स्टिक्स बसवले गेले, नव्याकोऱ्या लिअँडर मात्र तोफांवरच राहिल्या. १९८१ मध्ये समुद्रात आलेली 'विंध्यगिरी' पाणबुडीच्या शोधात उत्तम, आणि मिसाइल बोट समोर आली तर जवळजवळ निःशस्त्र अशी नौका होती. हे स्पष्ट म्हणायला हवं.

तरीही लिअँडर बांधण्याचा निर्णय बरोबर होता. त्याचा पुरावा या सहा नौकांमध्ये सापडत नाही, त्यानंतरच्या तिघींमध्ये सापडतो.

नौदलाला आता दोन सी किंग आणि सोव्हिएत क्षेपणास्त्रं एकाच नौकेवर हवी होती. लिअँडरच्या सांगाड्यात ती मावणं शक्य नव्हतं. कॅप्टन मोहन राम यांच्यासारख्या नौदलाच्या स्वतःच्या आरेखनकारांनी लिअँडरचा सांगाडा वाढवला: ११३ मीटरचा साधारण १२६ मीटर. वजन तीन हजार टनांहून कमी होतं, ते ३,८०० च्या वर गेलं. यंत्रं मात्र तीच ठेवली, ३०,००० अश्वशक्तीची वाफेची टर्बाइनं, कारण ती देशात बनू लागली होती आणि नवी मागवायची तर पुन्हा कुणाच्या तरी दारात जावं लागलं असतं. ऐकणाऱ्याला वाटेल, एवढ्या जड नौकेला तीच यंत्रं कशी पुरतील? पण लांब आणि निमुळता सांगाडा वेगात पाणी कमी उसवतो. हिशेब सांगत होता की वेगात घट होईल ती जेमतेम एका नॉटची. तसंच झालं. 'गोदावरी' १० डिसेंबर १९८३ ला नौदलात आली, मागोमाग 'गंगा' आणि 'गोमती'. तिघीही माझगावच्या.

'गोदावरी'च्या आत रशियन स्टिक्स आणि विमानविरोधी क्षेपणास्त्रं होती, पाश्चात्त्य हेलिकॉप्टरं होती, वेगवेगळ्या देशांची इलेक्ट्रॉनिक्स होती. रशियन यंत्रांना वीज एका दाबाची आणि वारंवारितेची लागते, ब्रिटिश धाटणीच्या नौकेत ती दुसऱ्याच प्रकारची असते. ती बदलून देणारी यंत्रं बसवायची, एका कंपनीच्या रडारला दुसऱ्याच देशाच्या क्षेपणास्त्राशी बोलतं करायचं, एकाच्या लहरींनी दुसऱ्याचं यंत्र आंधळं होऊ द्यायचं नाही. ब्रिटिशांना रशियन यंत्रं माहीत नव्हती आणि रशियनांना ब्रिटिश सांगाडा. दोन्ही हाताळलेलं नौदल होतं ते आपलं. चव्हाणांच्या काळात दोन दिशांना झालेली वाटणी इथे अशी उपयोगी पडली. नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमधल्या उठावानंतर ओलिसांना घेऊन पळालेल्या 'प्रोग्रेस लाइट' या जहाजाचा पाठलाग करून त्याला थांबवलं, ते 'गोदावरी' आणि 'बेतवा' यांनीच.

मात्र लिअँडरची ही शाळा सोडायची वेळही ओळखावी लागते, आणि ती आपण उशिरा ओळखली. जगातली नौदलं गॅस टर्बाइनकडे वळल्यावरही 'ब्रह्मपुत्रा' वर्गाच्या तीन नव्या नौका गार्डन रीचला वाफेवरच बांधल्या गेल्या आणि त्या २००० ते २००५ च्या दरम्यान दाखल झाल्या. बॉयलरवरच्या प्रेमापेक्षा सवयीचाच हा परिणाम होता.

सहा गिरींचा शेवट सारखा झाला नाही. 'निलगिरी' १९९६ मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्या एप्रिलमध्ये सी हॅरियरने डागलेल्या सी ईगल क्षेपणास्त्राच्या सरावात लक्ष्य म्हणून बुडवली गेली. जहाजविरोधी क्षेपणास्त्र तिच्या वाट्याला आलं ते असं. 'हिमगिरी' २००५ मध्ये, 'उदयगिरी' २००७ मध्ये, 'दूनागिरी' २०१० मध्ये निवृत्त झाल्या. 'विंध्यगिरी'चं दुर्दैव मुंबईकरांना आठवत असेल: ३० जानेवारी २०११ ला मुंबई बंदराच्या तोंडाशी 'नॉर्डलेक' या मालवाहू जहाजाशी टक्कर, मग आग, आणि दुसऱ्या दिवशी नौदल गोदीतच जलसमाधी. सगळे जण वाचले. जगात बांधलेली शेवटची लिअँडर लढाईत नाही, घराच्या उंबऱ्यावर बुडाली. 'तारागिरी' २०१३ पर्यंत चालली. ब्रिटनने आपल्या लिअँडर त्याच्या वीस वर्षं आधी मोडीत काढल्या किंवा विकल्या होत्या. 'अपोलो' आणि 'डायोमीड' १९८८ मध्ये पाकिस्तानने घेतल्या, म्हणजे काही वर्षं अरबी समुद्राच्या दोन्ही बाजूंना एकाच आराखड्याच्या नौका एकमेकींवर नजर ठेवून होत्या. फॉकलंड युद्धात गेलेली 'अँड्रोमेडा' १९९५ मध्ये भारताने घेतली आणि 'कृष्णा' नावाने प्रशिक्षणाला वापरली. 'सिला' २००४ मध्ये कॉर्नवॉलच्या किनाऱ्याजवळ मुद्दाम बुडवण्यात आली. आता तिच्यावर मासे आणि पाणबुडे यांची वर्दळ असते.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत नवी 'निलगिरी' दाखल झाली. ६,६०० टनांच्या वरची, आराखडा पूर्णपणे नौदलाच्या स्वतःच्या आरेखन विभागाचा, बांधणी माझगावची. तिच्या वर्गात एकूण सात नौका, चार माझगावच्या आणि तीन गार्डन रीचच्या, आणि त्यांतल्या सहांना जुन्या सहा लिअँडरचीच नावं दिली आहेत.

जुन्या सहांपैकी एकही संग्रहालय म्हणून राखलेली नाही, आणि जुन्या 'विक्रांत' या विमानवाहू नौकेची मोड झालेली पाहिल्यावर ती राखायला हवी होती असा हट्टही धरवत नाही. जहाज सांभाळणं महाग पडतं. पण डॉकयार्ड रोडला उतरून रोज पाळीवर जाणारे, कोकणातून आणि घाटावरून आलेले, 'निलगिरी'वर पहिल्यांदा युद्धनौकेचं पोलाद जोडायला शिकलेले वेल्डर आणि फिटर आता ऐंशीच्या घरात आहेत. अधिकाऱ्यांनी आपल्या आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या. या लोकांच्या आठवणी मराठीत रेकॉर्ड करून ठेवायला एक फोन आणि दोन तास पुरतात. ज्यांच्या घरात, चाळीत किंवा गावात असा कुणी निवृत्त गोदी कामगार असेल, त्यांनी हे काम या दिवाळीपर्यंत करून टाकावं.